वडिलांना इलेक्ट्रॉनिक वस्तू भेट देताना: निवडीपासून जोडणीपर्यंत

वडिलांना भेट म्हणून दिलेल्या ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तू कपाटात पडून राहतात, त्या बहुतेक वेळा निकृष्ट नसतात. त्यांना वेगळा चार्जर लागतो, ॲप घ्यावे लागते, नवे खाते उघडून पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो आणि एवढे करून त्या जे काम करून देतात, त्यावाचून वडिलांचे मुळात काही अडलेलेच नसते. आमच्या घरी अशा वस्तू निवडण्याचे, जोडून देण्याचे आणि नंतर त्यांची विचारपूस करण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यातून एक कसोटी पक्की झाली: वस्तूने वडिलांची रोजची एखादी अडचण दूर करावी आणि त्यांच्यामागे नवे काम लावू नये. या कसोटीला महागडी वस्तू उतरेलच असे नाही, आणि साधी, स्वस्त वस्तू पुष्कळदा सहज उतरते. पहिल्यांदाच अशी खरेदी करणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. विचारण्याआधी पाहा

“तुम्हाला काय हवे आहे?” असे वडिलांना विचारले, तर “काही नको, आहे त्यात भागते” हेच उत्तर येण्याची शक्यता अधिक. म्हणून काही दिवस नुसते लक्ष ठेवा. मोबाइल चार्जिंगला लावताना ते केबल एका विशिष्ट कोनात वाकवून, खाली एखादे पुस्तक टेकवून ठेवतात का? संदेश वाचताना फोन हातभर लांब धरतात, की चष्मा कपाळावर सरकवून फोन दिव्याजवळ नेतात? टीव्हीचा आवाज इतरांना त्रास होईल इतका वाढवतात का? वीज गेली की एका हातात मोबाइलचा उजेड धरून दुसऱ्या हाताने फ्यूज शोधतात का? किल्ल्या रोज सापडत नाहीत का? यांतील प्रत्येक सवय एकेका वस्तूकडे बोट दाखवते, आणि ती वस्तू बहुधा स्वस्त असते.

अडचणीइतकीच हौसही पाहा. दुरुस्तीची, फोटोंची, जुन्या गाण्यांची किंवा वाचनाची आवड असलेल्या माणसाला त्या आवडीला पूरक वस्तू मिळाली, तर ती वापरायला शिकवावी लागत नाही.

२. ही माहिती आधी लिहून घ्या

खरेदी चुकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वस्तू वडिलांच्या जवळच्या उपकरणांशी न जुळणे. एक मापनफीत आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्या साधनांवर पुढील नोंदी करता येतात:

- वडिलांच्या फोनचे नेमके मॉडेल, तो अँड्रॉइड आहे की आयफोन, आणि प्रणालीची आवृत्ती.
- फोनचे चार्जिंगचे तोंड: यूएसबी-सी, मायक्रो-यूएसबी की लाइटनिंग. आयफोन १४ पर्यंत लाइटनिंग होते. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून यूएसबी-सी आले.
- फोनला ३.५ मिलिमीटरचा हेडफोन जॅक आहे की नाही.
- सध्याच्या चार्जरवर छापलेले व्होल्ट, अँपिअर आणि वॅट. अक्षरे फार बारीक असतात, म्हणून फोटो काढून तो मोठा करून वाचा.
- टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो: एचडीएमआयची जागा मोकळी आहे का, आवाज बाहेर नेणारे ऑप्टिकल किंवा हेडफोनचे तोंड आहे का.
- राउटर २.४ गिगाहर्ट्झची वाय-फाय देतो का. कमी किमतीची बरीचशी स्मार्ट उपकरणे केवळ याच फ्रिक्वेन्सीवर चालतात.
- रक्तदाबमापक घेण्याचा विचार असेल, तर उघड्या दंडाचा मध्यभागी घेतलेला घेर, सेंटिमीटरमध्ये.
- वडील कोणते ईमेल खाते वापरतात आणि त्याचा पासवर्ड त्यांना स्वतःला माहीत आहे का. हे शेवटचे अनेकदा राहून जाते, आणि जोडणीच्या दिवशी सगळे काम तिथेच अडते.

३. एकूण खर्च काढा

वस्तूची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. कॅमेऱ्याला मेमरी कार्ड लागते किंवा चित्रण साठवण्यासाठी मासिक शुल्क भरावे लागते, टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग स्टिकवर मालिका पाहायच्या तर वर्गणी लागते, मनगटावर बांधायच्या काही आरोग्यपट्ट्यांची महत्त्वाची आकडेवारी पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. पुढच्या दोन वर्षांत त्या वस्तूवर काय काय खर्च होईल आणि तो कोण भरेल, हे आधी ठरवा. शुल्क वडिलांच्या खात्यातून जाणार असेल, तर ती भेट राहत नाही.

रक्कम मर्यादित असेल, तर गुंतागुंतीच्या प्रकारातील सर्वांत स्वस्त वस्तू घेण्यापेक्षा साध्या प्रकारातील उत्तम वस्तू घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. अगदी स्वस्त टॅबलेट पहिल्या दिवसापासून मंद चालतो आणि त्याचे सुरक्षा-अपडेट लवकर थांबतात. तेवढ्याच पैशांत मिळणारा उत्तम टॉर्च किंवा खात्रीचा रक्तदाबमापक वर्षानुवर्षे काम देतो.

४. अडचणीनुसार वस्तू ठरवा

चार्जिंगची कटकट. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी भेट म्हणजे चांगल्या प्रतीचा चार्जर आणि दोन मीटर लांबीची मजबूत केबल. सॉकेटपासून पलंगापर्यंत केबल पोहोचत नाही म्हणून फोन जमिनीवर ठेवणारे वडील असतील, तर त्यांना याहून वेगळे काही देण्याची गरज नाही. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे कमाल ६० वॅटपर्यंत वीज वाहते आणि फोनसाठी तेवढी पुष्कळ झाली. लॅपटॉपला त्याहून जास्त वॅट लागत असतील, तर ५ अँपिअरची केबल स्पष्ट विचारून घ्या. जलद चार्जिंग हे चार्जर, केबल आणि फोन या तिघांवर अवलंबून असते. यांतील एक जरी कमी क्षमतेचा असला, तरी वेग त्याच्याइतकाच राहतो.

पॉवर बँक घेताना खोक्यावरचा मोठा आकडा पाहून थांबू नका. १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीतील साठ्याचे एकक) हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो, म्हणजे साठा ३७ वॅट-तासांचा होतो. यूएसबीतून वीज ५ व्होल्टने बाहेर पडते. त्या हिशेबाने हाच साठा ७,४०० एमएएच भरतो आणि रूपांतरात होणारी घट धरली, तर हाती साधारण ६,००० ते ६,५०० एमएएच येतात. प्रामाणिक उत्पादक हा दुसरा आकडाही बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून छापतात; तो छापलेलाच नसेल, तर ती पॉवर बँक बाजूला ठेवा. ५,००० एमएएचची बॅटरी असलेला फोन तिच्यावर दीडेक वेळा भरतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक जवळजवळ दुप्पट वजनाची होते आणि खिशात जड लागते, त्यामुळे रोजच्या वापरासाठी १०,००० एमएएचचीच बरी. विमानप्रवासात पॉवर बँक सोबतच्या सामानातच ठेवावी लागते आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची असते.

केबलचे टोक नेमके बसवताना बोटांना त्रास होत असेल, तर वायरलेस चार्जिंगची चकती विचारात घ्यावी. मात्र फोन ‘ची’ (Qi) या वायरलेस चार्जिंगच्या मानकाचा असावा लागतो, आणि जाड किंवा धातूची पट्टी असलेले कव्हर मध्ये आले तर चार्जिंग होत नाही.

ऐकण्याची अडचण. कानात घालायच्या सुट्या बोंड्या दिसायला सुबक असतात, पण हरवतात, आणि त्यांची डबीही चार्ज करावी लागते. गळ्यात राहणारा नेकबँड वडिलांच्या पिढीला अधिक सोयीचा पडतो, असा माझा अनुभव आहे: कानातून निघाला तरी गळ्यात राहतो, बटणे चाचपून सापडतात आणि फोन आला की शोधाशोध होत नाही. फोनला ३.५ मिलिमीटरचा जॅक असेल आणि वडिलांना ब्लूटूथची जोडाजोड नको असेल, तर तारेचा हेडफोन देण्यात काही कमीपणा नाही.

टीव्हीसाठी हेडफोन हवा असेल, तर आधी टीव्हीला ब्लूटूथ आहे का ते तपासा. नसल्यास ऑप्टिकल किंवा हेडफोनच्या तोंडाला लावायचा, आवाज ब्लूटूथने हेडफोनकडे पाठवणारा ट्रान्समीटर मिळतो. स्वस्त जोडणीत आवाज ओठांच्या मागे पडतो आणि बातम्या पाहणाऱ्या माणसाला तो फरक लगेच खटकतो, म्हणून हा संच परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्या. आवाजाच्या पातळीबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन ८० डेसिबल, आठवड्याला ४० तासांपर्यंत, असे आहे. समोरासमोरचे बोलणेही वडिलांना नीट ऐकू येत नसेल, तर हेडफोनने ती अडचण सुटणार नाही. आधी श्रवणचाचणी करून घ्यावी.

वाचण्याची अडचण. इथे पहिली भेट फुकट आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आणि पडद्यावरील चिन्हांचा आकार वाढवा, उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोय चालू करा आणि वडिलांना फोन नेहमीच्या अंतरावर धरून वाचायला सांगा. एवढ्याने भागत नसेल, तरच वस्तूकडे वळा. पट्टीचे वाचक असतील, तर ई-इंक पडद्याचे वाचनयंत्र उत्तम: हा पडदा पान बदलतानाच वीज वापरतो, त्यामुळे बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते, आणि अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. फक्त वडील ज्या भाषेतील पुस्तके वाचतात, ती त्या यंत्रावर पुरेशी उपलब्ध आहेत का, हे आधी पाहा.

आरोग्याची साधने. या प्रकारात सर्वाधिक फसगत होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डॉक्टरांनी घरी रक्तदाब मोजायला सांगितले असेल, तर दंडावर बांधायचा स्वयंचलित मापक घ्या. मनगटावरचा मापक हात हृदयाच्या पातळीला नेमका धरला नाही, तर चुकीचा आकडा दाखवतो. प्रमाणित चाचणी उत्तीर्ण झालेल्या मापकांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. त्या यादीत मॉडेलचा क्रमांक शोधावा. यानंतरची महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्टा. बऱ्याच मापकांसोबत २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा येतो. दंड त्याहून जाड असेल, तर पट्टा आवळला जाऊन आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो. आपण घेर मोजून ठेवला तो याचसाठी.

मोजण्याची रीतही भेटीसोबत द्या. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी आणि धूम्रपान टाळावे. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर सपाट असावीत. बाही वर सरकवून घट्ट गुंडाळण्याऐवजी दंड मोकळा करावा, पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवावी, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला टेकवावा आणि मापन चालू असताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर अशा मापकाचे आकडे कितपत ग्राह्य धरायचे, हे डॉक्टरांनाच विचारा.

स्वस्त स्मार्टवॉच रक्तदाब किंवा रक्तातील साखर दाखवते अशी जाहिरात दिसली, तर त्या आकड्यांवर औषधाचा निर्णय कदापि सोपवू नका. त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. पावले मोजणे, वेळेची आठवण करून देणे आणि आलेला फोन मनगटावर दाखवणे, एवढ्यासाठी साधी आरोग्यपट्टी जरूर घ्या.

हरवणाऱ्या वस्तू. किल्ल्यांना लावायचा ट्रॅकर निवडताना फोनचा प्रकार निर्णायक ठरतो. २०२१ मध्ये आलेला ॲपलचा एअरटॅग हा ट्रॅकर आयफोन किंवा आयपॅडवरूनच जोडता येतो. वडिलांकडे अँड्रॉइड असेल, तर गूगलच्या शोधजाळ्यावर चालणारा ट्रॅकर घ्यावा. घरातल्या घरात तो आवाज करून सापडतो. बाहेर मात्र जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनमार्फत त्याचे ठिकाण कळते, त्यामुळे निर्मनुष्य जागी त्याच्यावर विसंबता येत नाही. एअरटॅगमध्ये सीआर२०३२ हा बटणासारखा सेल असतो आणि तो साधारण वर्षभर टिकतो. घरात लहान मूल असेल, तर असा सेल त्याच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्या, कारण तो गिळला गेल्यास जिवावर बेतू शकते.

हातकामाची साधने. दुरुस्तीची आवड असलेल्या वडिलांसाठी डोक्याला बांधायचा रिचार्जेबल दिवा ही माझी सर्वांत आवडती शिफारस आहे, कारण त्याने दोन्ही हात मोकळे राहतात. दोन-तीनशे ल्यूमेन (उजेड मोजण्याचे एकक) घरकामाला पुरतात. छोट्याशा टॉर्चवर लाखभर ल्यूमेन लिहिलेले आढळले, तर विक्रेत्याच्या इतर दाव्यांवरही विश्वास ठेवू नका. बॅटरीवर चालणारा छोटा स्क्रूड्रायव्हर फर्निचर जोडायला आणि बिजागऱ्या घट्ट करायला उपयोगी पडतो. गाडी असल्यास टायरमध्ये हवा भरणारा छोटा पंप घ्यावा. ठरवलेल्या दाबाला तो आपोआप बंद होतो का, ते पाहावे, आणि सलग वापराने तो बराच तापतो हे वडिलांना सांगून ठेवावे. यांतील जे जे शक्य असेल ते यूएसबी-सीवर चार्ज होणारे घ्या, म्हणजे घरात नव्या चार्जरची भर पडत नाही.

गाणी आणि फोटो. आवडत्या गाण्यांनी भरलेला पेन ड्राइव्ह ही कमी खर्चाची, पण तुमचा वेळ मागणारी भेट आहे. कारमधील आणि जुन्या टीव्हीतील बरेच प्लेअर फक्त एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह वाचतात, आणि त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी एक फाइल ठेवता येत नाही. गाण्यांसाठी ३२ जीबीचा ड्राइव्ह पुरेसा होतो. फोल्डरांना गायकांची किंवा रागांची नावे द्या, कारण गाडी चालवताना यादी पुढे सरकवत बसणे धोक्याचे असते. फोटोंसाठी वेगळे काही घेण्याआधी फोनमधील फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे का, ते पाहा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि मोफत मिळणारी १५ जीबी जागा ईमेललाही वाटून जाते. ती भरली की नव्या फोटोंची प्रत होणे थांबते.

५. खरेदीतील सापळे ओळखा

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत खोट्या क्षमतेचा माल पुष्कळ असतो. संगणकाला तो मोठी क्षमता दाखवतो, पण ठरावीक जागेनंतर लिहिलेली माहिती नष्ट होते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे मोफत प्रोग्राम संपूर्ण कार्ड भरून वाचून पाहतात. फोटो टाकण्यापूर्वी ही तपासणी करा.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचा, कारण काही महिन्यांच्या वापरानंतर काय बिघडते, ते तिथे कळते. पाण्यापासून संरक्षणाचा दावा असेल, तर मानक पाहा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारे, आयपी६७ म्हणजे धूळ रोखणारे आणि एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरणारे. वापरलेला फोन किंवा टॅबलेट घेत असाल, तर सुरक्षा-अपडेट किती काळ मिळणार ते विचारा, आणि डायलपॅडवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा.

बिल, हमीपत्र, परत करण्याची शेवटची तारीख आणि वस्तूवरील अनुक्रमांकाचा फोटो एकत्र ठेवा. हमी तुमच्या देशात लागू आहे का, हे बिल हाती घेतानाच विचारून घ्या.

६. जोडणी करूनच वस्तू हाती द्या

बंद खोके सुंदर दिसते, पण ते उघडल्यावर जी कामे निघतात, ती तुमची आहेत. वस्तू पूर्ण चार्ज करा, अपडेट करून घ्या आणि जमल्यास वडिलांच्या फोनशी आधीच जोडून ठेवा. खाते लागत असेल, तर ते वडिलांच्याच नावाने आणि त्यांच्याच मोबाइल क्रमांकावर उघडा. सोयीसाठी तुमचे खाते वापरले, तर प्रत्येक पडताळणी-कोडसाठी त्यांना तुम्हाला फोन करावा लागेल. ॲपच्या नको असलेल्या सूचना बंद करा. मग एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत चार-पाच ओळी लिहा: चालू कसे करायचे, चार्जिंग कुठे लावायचे, दिव्याच्या कोणत्या रंगाचा काय अर्थ, अडल्यास कोणते बटण किती वेळ दाबायचे. छापील पुस्तिकेपेक्षा हा कागद कितीतरी जास्त वेळा वाचला जातो.

कॅमेरा, ट्रॅकर किंवा ठिकाण कळवणारे घड्याळ देणार असाल, तर ते काय नोंदवते आणि कोणाला दिसते, हे वडिलांना आधी सांगा आणि त्यांची संमती घ्या. काळजीपोटी का होईना, पण न सांगता ठेवलेली नजर कळली की वस्तू बंद होते आणि मनही दुखावते.

७. पहिले दोन आठवडे

दाखवताना वस्तू वडिलांच्या हातात असू द्या आणि तुमचे हात मागे ठेवा. एका बैठकीत एकच काम शिकवा. बाकीच्या सोयी त्यांनी विचारल्यावर सांगाव्यात. आठवडाभराने “आवडले का?” असे विचारू नका, कारण ते हो म्हणतील. “काल कशासाठी वापरले?” असे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर कुठे अडले ते पाहा. पुष्कळदा चार्जिंगची जागा गैरसोयीची असते किंवा एखादा अक्षर-आकार लहान राहिलेला असतो, आणि तेवढे सुधारले की वापर सुरू होतो. तरीही वस्तू उपयोगाची ठरत नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी वडिलांशी बोलून ती बदलून घ्या.

नवी वस्तू आल्यावर जुनी पॉवर बँक किंवा जुना फोन ड्रॉवरमध्ये तसाच राहतो, तोही याच वेळी पाहून घ्या. कड फुगलेली, पडदा उचलला गेलेला किंवा चार्जिंगला लावल्यावर तापणारी कोणतीही वस्तू पुन्हा चार्ज करू नका, टोचू किंवा दाबू नका आणि रोजच्या कचऱ्यात टाकू नका. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.